केबिन सातशे अठराचा फ्रिज

ज्युलीने फ्रिज उघडला तो पाण्याच्या बाटलीसाठी, आणि दार धरून तशीच वाकून राहिली.

आरशाखालच्या कपाटात बसवलेला गुडघ्याएवढा फ्रिज. दार उघडताच आत दिवा लागला, आणि त्या दिव्याखाली चिमुकल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. व्हिस्की, रम, व्होडका, वाइन, प्रत्येकी दोन. दारातल्या कप्प्यात बिअरचे दोन डबे. पाणी, ज्यूस आणि चॉकलेटं बिचारी खालच्या खणात दाटीवाटीने बसली होती. शेजारी किमतीचं कार्ड होतं, ते तिने वाचलं नाही. दारूच्या तेवढ्या दहा. तिने त्या मुद्दाम मोजल्या नाहीत, नजर गेली आणि मोजून झाल्या. पंचवीस वर्षं घरात लपवलेल्या बाटल्या शोधणाऱ्या बाईला मोजायला वेळ लागत नाही.

तिचा नवरा ऑगस्टीन खिडकीशी उभा राहून धक्क्यावरच्या क्रेनी बघत होता. तो आयुष्यभर एका कारखान्यात फिटर होता, त्यामुळे एवढं मोठं धूड पाण्यावर तरंगतं कसं हे त्याला आजच्या आज कळायला हवं होतं. ज्युलीने गुडघ्यानेच फ्रिज बंद केला आणि वर जाऊन जहाज बघून ये म्हणून त्याला पिटाळलं. तो खुशीने गेला.

आता या बाईची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. त्यांच्या वसईकडच्या वटार गावात पिणं कोणाला नवं नाही. लग्न असो, बारसं असो, सण असो, ग्लास हातात येतोच, आणि ऑगस्टीनच्या हातात तो जरा जास्तच वेळा यायचा. नवल होतं ते थांबण्याचं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, ब्रिटनीच्या लग्नात वडलांनी दोन शब्द बोलावेत म्हणून माइक त्याच्या हाती दिला, आणि दोनांतला एकही शब्द न बोलता तो खुर्चीसकट खाली आला. चारशे माणसांसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ज्युलीला म्हणाला, "आता बास." असं तो याआधीही बऱ्याचदा म्हणाला होता. पण या खेपेला त्याने डॉक्टर गाठला, दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं आणि खरोखरच बास केलं. त्याला आता अकरा महिने झाले होते.

हे खरं तर ढोल बडवून सांगावं असं. पण शेजारच्या जॉयसने जेव्हा विचारलं, ऑगस्टीन हल्ली ग्लासला हात का लावत नाही, तेव्हा ज्युलीच्या तोंडून निघून गेलं की त्याला शुगर निघालीय. सोडलीय म्हटलं की आधी लागली होती हे कबूल करावं लागतं, आणि ते तिला जमेना. एकदा शुगर म्हटलं की मग तिच्यामागून सगळं आलं. चारचौघांत बिचाऱ्याला केक गेला, नाताळचा फराळ गेला, लग्नातली खीर गेली. दारू सोडल्याच्या बक्षिसादाखल गोडही सुटलं. घरात दार लावून ती त्याला सुकेळी खाऊ घालायची, आपल्याच वाडीतल्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली. मंडळाची सभा दर शनिवारी असे, तीही गावातली नको म्हणून ती त्याला दूरच्या पॅरिशमध्ये, दुसऱ्याच चर्चच्या हद्दीत घेऊन जायची. तो आत हॉलमध्ये, ही बाहेर स्कूटरवर टेकून रोझरीची प्रार्थना म्हणत. ऑगस्टीन ती म्हणेल तसं करत होता.

तर लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून ब्रिटनी आणि जावई लेस्टर यांनी दोघांना या जहाजावर पाठवलं होतं. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. दोघांचा जन्म समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गेला, पण होडीतून थोडं आतही ती दोघं कधी गेली नव्हती. ज्युलीने वादळाची भीती धरली होती, उलट्यांची धरली होती, जेवण कसलं मिळेल याची धरली होती. उशाजवळ, हाताच्या अंतरावर, दिवा लावून दहा बाटल्या मांडून ठेवल्या असतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने सगळ्या बाहेर काढल्या, आपल्या गाऊनमध्ये एकेक करून गुंडाळल्या आणि आकड्यांच्या कुलपाच्या बॅगेत तळाशी ठेवल्या. मग हात धुऊन क्रुसाची खूण केली आणि मोकळ्या मनाने चहा प्यायला वर गेली.

संध्याकाळी दोघं परत आली. ऑगस्टीन आंघोळीला गेल्यावर तिने सहज फ्रिज उघडून पाहिला, तर बाटल्या जागच्या जागी. दहाच्या दहा. क्षणभर तिला वाटलं, आपण दुपारी काढल्या ते स्वप्न होतं. बॅग उघडून पाहिली, तर त्याही तिथेच. मग उजेड पडला. कोणीतरी रिकामा फ्रिज पाहून तो इमानेइतबारे भरून गेलं होतं. न्हाणीघरातलं पाणी बंद व्हायच्या आत तिने या दहाही बॅगेत घातल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात ज्या बाईने घरातून शेकड्यांनी बाटल्या हुसकावल्या, तिच्याच बॅगेत आता वीस होत्या, आणि बॅग हलवली की खणखणत होती.

सकाळी ऑगस्टीन नाश्त्याआधीच डेकवर पळाला आणि केबिनची साफसफाई करणारा माणूस आपली ढकलगाडी घेऊन दाराशी आला. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, कोटावर नावाची पट्टी: उमंग. ज्युलीने मनाशी ठरवलं होतं की याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगून टाकायचं. परका माणूस, चार दिवसांनी आपल्या वाटेने जाणार, त्याला काय त्याचं. तिने तोंड उघडलं, मोडक्यातोडक्या हिंदीत चार शब्द बोलली, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"काकी, तुमी वसईच्या का?" तो म्हणाला. "बोलन्यावरून वाटलं. मी बाजूच्याच कळंबचा."

पुढे तर कहरच झाला. वटार म्हटल्यावर त्याने विचारलं, तिथे दारावर मासळी घेऊन येते ती रंभा माहीत आहे का, ती माझी सख्खी मावशी. रंभा माहीत नाही असं वटारमध्ये घर नव्हतं. ज्युली स्वतः दर बुधवारी तिच्याकडून बोंबील घेत होती. रंभाच्या पाटीत मासळीबरोबर बातम्याही असायच्या, आणि त्या ती फुकट देत असे. ज्युलीने उघडलेलं तोंड मिटलं.

उमंग मात्र पुन्हा रिकामा झालेला फ्रिज बघून घोटाळत राहिला. ढकलगाडीवर पुन्हा दहा बाटल्या तयार होत्या, पण त्या उचलायला त्याचा हात होईना. शेवटी आवाज खाली आणून त्याने विचारलं, काल दिवसभरात वीस झाल्या, काका घेतात का.

गोष्ट सांगणाऱ्याला इथे थांबून म्हणावंसं वाटतं की माणसाची परीक्षा अशी बेसावध घटकेला होते. खरं काय ते सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण ज्युलीच्या डोळ्यांसमोर रंभा उभी राहिली, पाटी उतरवून जॉयसच्या ओट्यावर बसलेली. अकरा महिन्यांचं सगळं तिला त्या ओट्यावर मातीमोल होताना दिसलं.

"त्याला शुगर आहे," ती म्हणाली. "मीच घेते. मला लागते थोडी."

उमंगने तिच्याकडे नखशिखांत पाहिलं. साठीची, चष्मा लावलेली, गळ्यात क्रूस, आणि वीस बाटल्या रिचवून खांबासारखी सरळ उभी. त्याच्या डोळ्यांत काळजी होती आणि तेवढाच आदरही होता. जरा बेतानं घ्या काकी, एवढंच तो म्हणाला, आणि उपाशीपोटी घेऊ नका. मग विषय बदलावा म्हणून त्याने घरच्या गोष्टी काढल्या. सात महिने झाले घर सोडून. आई वटारची सुकेळी आणायची, त्यांची फार आठवण येते. ज्युलीला एवढं हायसं वाटलं होतं की तिने ताबडतोब वचन देऊन टाकलं, माझ्याकडे डबा भरून आहेत, तुला देते. फ्रिज मात्र आत्ता भरू नकोस, असं तिने विनवलं. त्यावर उमंग ओशाळून म्हणाला की ते त्याच्या हातात नाही, यादीप्रमाणे भरावाच लागतो, तुम्ही बाहेर गेलात की भरतो.

तो गेल्यावर ज्युलीने डोकं चालवलं. रिकामा फ्रिज हा माणूस भरतो ना, मग रिकामा ठेवायचाच नाही. तिने वरच्या खणात ऑगस्टीनचा स्वेटर कोंबला. दारात पावडरचा डबा, खोबरेल तेल आणि दोघांच्या चपलांची पिशवी बसवली. मधल्या जागेत सुकेळ्यांचा उंच स्टीलचा डबा उभा केला. आता आत सुईला जागा उरली नव्हती. स्वतःवर खूश होऊन ती वरच्या मजल्यावर बायकांचा हाउजीचा खेळ चालला होता तिकडे गेली.

पण आमच्याकडची एक रीत आहे, ती वटारची आहे आणि कळंबचीही आहे. शेजारणीने काही घालून दिलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर साखर घालतात, चार मिरच्या घालतात, पण घालतात. उमंगने फ्रिज उघडला तेव्हा त्याला स्वेटर आणि चपला पाहून नवल वाटलं असेल, पण डबा पाहून वाटलं नाही. काकींनी शब्द पाळला. त्याने सुकेळी कागदात काढून घेतली, डबा घासला, पुसला, आणि त्यात परत काय घालावं असा विचार करत उभा राहिला. मागच्या फेरीत एका पाहुण्याने त्याला चांगल्या वाइनची एक लहान, सीलबंद बाटली बक्षीस दिली होती. तो स्वतः पीत नव्हता. काकींना मात्र लागते थोडी. त्याने ती प्रेमाने डब्यात उभी केली, झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवून दिला.

दुपारी ज्युली खाली आली तेव्हा ऑगस्टीन पलंगाच्या कडेला बसला होता. शेजारी उघडा डबा, आणि मांडीवर दोन्ही हातांत धरलेली बाटली.

आधी तिने बुचाकडे पाहिलं. सील तसंच होतं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घामाने भिजला होता, पण डोळे स्वच्छ होते.

"सुकेळं घ्यायला डबा उघडला," तो सावकाश म्हणाला. "तासभर झाला असेल. मला वाटलं, तू ठेवलीस. वाटलं, राखण करून करून ज्युली थकली आणि म्हणाली, घे बाबा एकदाची. तू थकली असलीस, तर मग मला उघडून चालणार नव्हतं. दोघांतलं एक तरी धड पाहिजे ना. म्हणून बसलो, तू येईपर्यंत."

ज्युली त्याच्या शेजारी बसली आणि रडली. दुःखाने नाही. पंचवीस वर्षं ज्या माणसावर आपण पाळत ठेवली, तो आज आपल्यासाठी पहाऱ्यावर बसला होता, हे तिला पेलवेना. देवाचे आभार कसे मानायचे ते तिला ठाऊक होतं, रोज मानत होती. नवऱ्याचे कसे मानायचे ते ठाऊक नव्हतं. तिने नुसता त्याचा गुडघा घट्ट धरून ठेवला.

मग तिने सगळं सांगितलं आणि बॅग उघडून दाखवली. गाऊनमधून एकेक बाटली बाहेर येऊ लागली तसा ऑगस्टीनचा चेहरा बदलत गेला, आणि विसाव्या बाटलीला तो हसला. चांगला पोट धरून हसला. वसईतल्या एखाद्या बारमध्ये एवढा माल नसेल म्हणाला. हसताहसताच त्याने विचारलं, एवढ्या बाटल्या गेल्यावर त्या माणसाला काय वाटलं असेल. ज्युलीने मान खाली घालून तेही सांगितलं. तो हसायचा थांबला.

"माझ्यासाठी तू बेवडी झालीस?"

ती म्हणाली की दुसरं काय करणार, रंभाचा भाचा आहे तो. ऑगस्टीन बाटली हातात घेऊन उठला, फोन उचलला आणि उमंगला बोलावून घेतलं. ज्युलीने त्याचा सदरा धरून ओढला, पण आज तो ऐकणार नव्हता.

उमंग आला तो हसतच. बाटली पाहून विचारू लागला, आवडली का. ऑगस्टीन सरळ उभा राहिला, मुलीच्या लग्नात राहायला हवा होता तसा.

"उमंग, ही पीत नाही," तो म्हणाला. "नाताळच्या घोटापलीकडे हिने आयुष्यात काही घेतलेलं नाही. पिणारा मी होतो. सोडून अकरा महिने आणि नऊ दिवस झाले. मला शुगर नाही, कधीच नव्हती. फ्रिजात आता काही ठेवू नकोस."

ज्युलीने डोळे मिटून घेतले. याच घडीची भीती ती अकरा महिने बाळगून होती. उमंगने पटकन पुढे होऊन ती बाटली ऑगस्टीनच्या हातातून घेतली आणि पाठीमागे लपवली, जणू चूक त्याचीच होती. त्याने दोघांची पुन्हा पुन्हा माफी मागितली. मग तो म्हणाला की एवढं साधं होतं तर पहिल्याच दिवशी सांगायचं. आत्तापुरता भरू नकोस म्हटलं तर चालत नाही, पण फेरीभर फ्रिज रिकामा हवा असलेल्या केबिनींची वेगळी यादीच असते. या मजल्यावर या फेरीला तशा चार आहेत.

"कोन औषधं ठेवतं, कोन बाळाचं दूध. आमी विचारत नाय," तो म्हणाला. "पन दोघांनी चढायच्या आधीच फोन करून सांगितलेलं, एक पन बाटली दिसता कामा नये. तुमच्यासारखेच असतील, काका."

ज्युलीने डोळे उघडले. चार केबिनी, आणि त्यांतल्या दोन. त्याच बोळात, त्याच तांबड्या गालिच्यावरून ती दोन दिवस ये-जा करत होती, आणि त्या बंद दारांपैकी दोन दारांमागे कोणी एक बाई तिच्यासारखीच रात्री नवऱ्याचा श्वास ऐकत पडत असेल, किंवा कोणी नवरा बायकोचा. त्यांनी तर फोन करून सांगितलं होतं. आभाळ कोसळलं नव्हतं. आपण एकट्याच आहोत असं धरून तिने केवढं ओझं वाहिलं होतं, आणि नवऱ्यालाही वाहायला लावलं होतं. तिला त्या अनोळखी माणसांबद्दल इतकं भरून आलं की ती मनात म्हणाली, देवा, ती कोण आहेत मला माहीत नाही, पण तू त्यांना इथे आणलंस, तुझे उपकार.

उमंग जायला निघाला आणि दाराशी थबकला. हळूच म्हणाला की मावशीला तो यातलं काही बोलणार नाही. ऑगस्टीन म्हणाला, "बोल की. फक्त पिणारं कोण आणि सोडणारं कोण, ते नीट सांग. आमच्या बायकोचं नाव खराब नको."

यावर ज्युलीही हसली, डोळे पुसतापुसताच. मग तिने सुकेळ्यांची दुसरी पिशवी काढली, ऑगस्टीनच्या हातावर दोन ठेवली आणि उरलेली उमंगला दिली.

थोड्या वेळाने उमंग एक फॉर्म घेऊन परत आला. सीलबंद वीस बाटल्या परत घेतल्या, त्या बिलात धरू नयेत, आणि यापुढे केबिन सातशे अठराचा फ्रिज रिकामा ठेवावा, असं त्यात लिहायचं होतं. बाटल्यांची नोंद त्याने स्वतःच केली. खाली कारणाचा रकाना होता. त्यावरून बोट फिरवत तो म्हणाला की हे कोरं सोडलं तरी चालतं, बहुतेक जण सोडतात.

ज्युलीने पेन मागून घेतलं. आरशासमोरच्या फळीवर कागद सरळ केला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि शाळेत गिरवतात तशा मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं, "माझ्या नवऱ्याने दारू सोडली आहे." खाली पूर्ण नाव लिहून सही केली. त्याच्यापुढे, कोणी विचारलं नव्हतं तरी, मुक्काम वटार, तालुका वसई असंही लिहिलं.

उमंगने कागद बघितला आणि जरा संकोचून सांगितलं की आमच्या साहेबांना मराठी वाचता येत नाही. ज्युली म्हणाली, राहू दे तसंच.

ऑगस्टीन तिच्या खांद्यावरून वाकला होता. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं. मग तिच्या हातातलं पेन घेतलं आणि तिच्या सहीच्या खाली आपलीही सही केली.